हायकू बीटा ५ पेन ड्राइव्हवरून: चालते झकास, पण बूट होईपर्यंत नाकी नऊ

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या दुकानांत कंपन्यांनी काढून टाकलेले जे सेकंडहॅण्ड लॅपटॉप मांडलेले असतात, त्यातले बरेचसे तिसऱ्या ते सहाव्या पिढीतले. चार जीबी रॅम, हार्ड डिस्क कुरकुरणारी, बाकी मशीन ठणठणीत. यावर काय चालवायचं, या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर लिनक्स. हायकू हे आडवाटेचं उत्तर.

हायकू म्हणजे लिनक्सची आणखी एक आवृत्ती नव्हे. जाँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये काढलेल्या बी इन्कॉर्पोरेटेड कंपनीची बीओएस नावाची सिस्टिम होती. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम या हातातले छोटे संगणक बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि बीओएस पोरकी झाली. त्याच वर्षी ती मुळापासून पुन्हा लिहिण्याचा खटाटोप ओपनबीओएस या नावाने सुरू झाला, २००४ मध्ये त्याचं नाव हायकू झालं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःचा, बीएफएस ही फाइल सिस्टिम स्वतःची, डेस्कटॉप स्वतःचा. हे परीक्षण आर१ बीटा ५ चं आहे, जी सप्टेंबर २०२४ मध्ये आली.

निकाल आधीच सांगून टाकतो. एकदा डेस्कटॉप आला की हायकू दोन जीबी रॅमवर इतकी चपळ चालते की मशीन जुनं आहे हे विसरायला होतं. पण तिथवर पोचताना अनेकांचं घोडं अडतं, आणि त्यातल्या बहुतेक वेळी दोष हायकूचा नसतो. पेन ड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने लिहिलेला असतो, नाहीतर बायोसमधलं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममधलं, एखादं बटण आड येतं. खऱ्या अर्थाने हायकूची म्हणावी अशी अडचण त्यानंतर येते, आणि ती कुठे आहे हे हायकू स्वतः स्क्रीनवर दाखवते. ती खूण वाचता आली पाहिजे.

सुरुवात डाउनलोडपासून. फाइल 'एनीबूट' नावाची घ्यायची. हीच आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल, सीडीवरही चालते आणि पेन ड्राइव्हवरही, जुन्या बायोसवर आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआयवरही. आकार दीड जीबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलचा रोजचा पॅक एका फाइलीत संपला. नेटवर्क तुटत असेल तर ब्राउझरपेक्षा टॉरेंट बरा, अर्धी आलेली फाइल पुढे चालू राहते. मग एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा, जुळवा. विंडोजवर पॉवरशेलमधली 'गेट-फाइलहॅश' कमांड पुरते, लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. ही पायरी गाळली तर पुढे बूट होताना स्क्रीनवर येणाऱ्या रॉकेटच्या चित्रावर अडकलेल्या मशीनपुढे दोन तास बसून शेवटी कळतं की फाइलच फाटकी होती. फाइल झिप स्वरूपात आली असेल तर आधी उघडा. झिप तशीच पेन ड्राइव्हवर लिहिणारे लोक आहेत.

६४ बिट की ३२ बिट? चार जीबी किंवा जास्त रॅम आणि गेल्या पंधरा वर्षांतलं मशीन असेल तर डोळे झाकून ६४ बिट. ३२ बिट आवृत्तीचा खास फायदा एकच: ती जुने बीओएसचे प्रोग्राम जसेच्या तसे चालवते. किमान गरज ३८४ एमबी रॅम आणि ३ जीबी जागा इतकी सांगितलेली आहे, पण कोअर आय३, २ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा ही शिफारस जास्त प्रामाणिक आहे.

पेन ड्राइव्ह ४ जीबीचा चालतो. लिहायला बलेना एचर सगळ्यात सोपं, कारण त्यात चुकायला जागा नाही. रुफस वापरत असाल तर तो दोन पर्याय विचारतो, 'आयएसओ मोड' आणि 'डीडी मोड'. डीडीच निवडा. आयएसओ मोडमध्ये रुफस आतल्या फाइली काढून फॅट३२ वर ठेवायला बघतो, आणि हायकूची खरी सिस्टिम बीएफएस विभाजनात असते, ती अशी उचलून ठेवता येत नाही. लिनक्सवर 'डीडी' कमांड वापरणाऱ्यांनी आउटपुट म्हणून अख्खी ड्राइव्ह द्यायची, म्हणजे 'एसडीबी', त्यातलं पहिलं विभाजन 'एसडीबी१' नव्हे. आणि ती एसडीबी खरंच पेन ड्राइव्ह आहे ना, हे आधी 'एलएसबीएलके' चालवून बघा. डीडी विचारत नाही, पुसून मोकळं होतं.

लिहून झालं की विंडोज लगेच खिडकी उघडून म्हणतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. नाही म्हणा. विंडोजला बीएफएस वाचता येत नाही म्हणून ते तसं विचारतं. घाईत होकार दिला की सगळं पहिल्यापासून.

वेंटॉय, म्हणजे एकाच पेन ड्राइव्हवरून अनेक आयएसओ सुरू करणारं साधन, वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण सेवा केंद्रं आणि रिपेअरिंगच्या दुकानांत आता प्रत्येकाच्या किल्लीच्या जुडग्याला वेंटॉयचा एक पेन ड्राइव्ह असतोच. हायकूची आयएसओ त्यात टाकून भरवसा ठेवू नका. वेंटॉय बूटलोडरला, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, आयएसओ ही डिस्क असल्यासारखी दाखवतो, त्यामुळे लोगो येतोही. पण कर्नल जागा झाला की तो स्वतःच्या ड्रायव्हरने पेन ड्राइव्ह वाचायला लागतो, आणि त्याला दिसतं वेंटॉयचं विभाजन व त्यात पडलेली एक मोठी फाइल. बीएफएस कुठेच नाही. तिथेच पेंड खातं. हायकूसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा.

आता बायोस. बूट मेन्यूची कळ डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, लेनोवोवर एफ१२ किंवा बाजूचं बारीक नोव्हो बटण, एसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ च, पण तो मेन्यू आधी सेटअपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. असेम्बल्ड डेस्कटॉपमध्ये गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, एमएसआयवर एफ११, एसूसवर एफ८. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद हवं, यात तडजोड नाही. एसरच्या बऱ्याच मॉडेलांवर तो पर्याय राखाडी, न हलणारा दिसतो. आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवला की मोकळा होतो. तो पासवर्ड वहीत लिहून ठेवा, नंतर कोणी काढून देत नाही.

एक इशारा. ज्या लॅपटॉपवर विंडोज अजून वापरात आहे आणि डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू आहे, तिथे सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का हे आधी तपासा, मगच पुढे जा.

बूट मेन्यूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. एक ओळ 'यूईएफआय'ने सुरू होते, दुसरी साधी असते. दोन्ही त्याच पेन ड्राइव्हच्या, रस्ते दोन. एकाने काळी स्क्रीन आली तर दुसरा वापरा. २०१२ ते २०१५ च्या मशीनवर, जिथे यूईएफआय अजून कच्चं होतं, जुन्या बायोसचा रस्ता बऱ्याचदा निर्धोक निघतो. पेन ड्राइव्ह मेन्यूत दिसतच नसेल तर 'फास्ट बूट' बंद करा आणि जुन्या रस्त्यासाठी 'सीएसएम' किंवा 'लेगसी' चालू करा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर विसंबू नका. त्या वायरी बोर्डावर सैल बसलेल्या असतात आणि आपल्याकडची धूळ आत जाऊन घट्ट झालेली असते. मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा.

लोगो दिसला म्हणजे बूटलोडर चालला, पेन ड्राइव्ह नीट लिहिला गेला आहे आणि बायोसचं काम संपलं. इथून पुढे हायकूची परीक्षा, आणि इथेच ही सिस्टिम मनात भरते. लोगोखाली सात छोटी चित्रं असतात, एकेक उजळत जातं. कितव्यावर थांबली, यावरून रोग कळतो.

पहिलं अणूचं चित्र, म्हणजे मॉड्यूल सुरू होत आहेत. दुसरं डिस्क आणि भिंग, मूळ फाइल सिस्टिमची मांडणी. या दोहोंवर अडकणं विरळा. अडकलंच तर रॅम तपासा. तिसरं कार्ड, म्हणजे हार्डवेअर ओळखणं चालू आहे. यावर थांबली तर बहुधा एसीपीआयचा (वीज आणि हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देणाऱ्या व्यवस्थेचा) किंवा इंटरप्टचा (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या इशाऱ्यांचा) घोळ असतो. चौथं बूट डिस्कचं, आणि सगळ्यात जास्त गाड्या याच स्टेशनात थांबतात. पाचवं चिप, प्रोसेसरशी निगडित मॉड्यूल. सहावं फोल्डर, शेवटची जुळवाजुळव. सातवं रॉकेट, म्हणजे कर्नलचं काम झालं आणि डेस्कटॉप उभा करणारी स्क्रिप्ट सुरू झाली.

चौथ्या चित्रावर अडकण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बूटलोडर पेन ड्राइव्ह वाचतो तो बायोसच्या मदतीने. कर्नल सुरू झाला की ती मदत सुटते आणि हायकूचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर कामाला लागतो. त्या ड्रायव्हरला तुमचा पोर्ट किंवा पेन ड्राइव्ह पटला नाही, तर ज्या डिस्कवरून आपण आत्ताच सुरू झालो तीच त्याला सापडत नाही. मग काळ्या-पांढऱ्या अक्षरांत 'पॅनिक: डिड नॉट फाइंड एनी बूट पार्टिशन्स' असं येतं. हे केडीएल, म्हणजे कर्नल डीबगिंग लँड. घाबरायचं काही नाही. मोबाइलने फोटो काढा, 'रीबूट' टाइप करा. यूएसबी कीबोर्ड तिथे मुका होऊ शकतो. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुधा चालतो. नाहीच चालला तर पॉवर बटण दाबून धरा.

उपाय क्रमाने. निळा यूएसबी ३ चा पोर्ट सोडून काळा यूएसबी २ चा घ्या. सगळेच पोर्ट यूएसबी ३ चे असतील तर मध्ये साधा यूएसबी २ चा हब लावा, किंवा जुना यूएसबी २ चा पेन ड्राइव्ह वापरा. बायोसमध्ये 'एक्सएचसीआय हँड-ऑफ' दिसला तर तो चालू करा. तरी हलली नाही तर दुसऱ्या कंपनीचा पेन ड्राइव्ह. आतली कंट्रोलर चिप बदलली की कित्येकदा काम होतं. तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे आयव्ही ब्रिजच्या मशीनवर आणखी एक युक्ती आहे. तिथे यूएसबी ३ चे पोर्ट मागून यूएसबी २ च्या कंट्रोलरलाही जोडता येतात. हायकूच्या बूट मेन्यूत सिस्टिमचे घटक बंद करण्याची सोय आहे. त्यात कर्नलच्या यूएसबी बसमधला 'एक्सएचसीआय' ड्रायव्हर बंद केला की, बायोसने आधीच पोर्ट वळवून ठेवले नसतील तर, ते यूएसबी २ म्हणून चालतात. वेग कमी होतो, बूट मात्र होतं.

हा बूट मेन्यू कसा उघडायचा? जुन्या बायोसच्या रस्त्याने आला असाल तर कंपनीचा लोगो गेल्याबरोबर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआयने आला असाल तर स्पेसबार टकटक दाबत राहा. दोन्हींची अदलाबदल केली तर मेन्यू येत नाही, आणि 'माझ्याकडे तो मेन्यूच नाही' या तक्रारींतल्या अर्ध्याअधिक इथेच मिटतात. आत बूट व्हॉल्यूम, सेफ मोड आणि डीबग असे मुख्य भाग आहेत.

तिसऱ्या किंवा पाचव्या चित्रावर अडकलेल्या मशीनसाठी सेफ मोडच्या पर्यायांत आधी आयओ-एपीआयसी बंद करून बघा, मग एसीपीआय, मग एसएमपी. एका वेळी एकच. सगळ्यांवर एकदम टिचक्या मारल्या तर सिस्टिम सुरू होईल, पण कशामुळे झाली हे कळणार नाही आणि एसएमपी बंद असल्याने चार कोअरपैकी एकच राबत राहील. काहीच उमगत नसेल तर डीबग भागात 'ऑन-स्क्रीन डीबग आउटपुट' चालू करा. चित्रांऐवजी ओळी पळू लागतात. शेवटच्या चार-पाच ओळींत ज्या ड्रायव्हरचं नाव दिसेल तो संशयित. त्याला घटकांच्या यादीतून बंद करून पुन्हा बूट करा. हे एकाच बूटपुरतं टिकतं. कायमचं हवं असेल तर नंतर सिस्टिमच्या सेटिंग्जमधल्या 'पॅकेजेस' फाइलीत त्याची नोंद करावी लागते.

रॉकेट उजळलं आणि पुढे अंधार, हा ग्राफिक्सचा प्रश्न. सेफ मोडमध्ये 'फेल-सेफ' ग्राफिक्स निवडा. स्क्रीन येते, ब्राइटनेस हलवता येत नाही, बाहेरचा मॉनिटर वेगळा चालत नाही, पण काम होतं. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर हे गृहीत धरूनच बसा. थ्रीडी वेग बीटा ५ मध्ये कुठल्याच कार्डावर मिळत नाही.

डेस्कटॉप आल्यावरची पहिली गरज इंटरनेट. वायफाय ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून घेतलेले आहेत, त्यामुळे इंटेलची कार्डं बहुतेक लगेच चालतात. जुन्या ब्रॉडकॉमला फर्मवेअर वेगळं आणावं लागतं, आणि ते आणायला इंटरनेट हवं. यातून सुटका अँड्रॉइड फोनची: केबल लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. बीटा ४ पासून हायकू ते ओळखते, लॅनची तार ओढायची गरज नाही. आवाजाचं मात्र नशिबावर. झोपवण्याची, म्हणजे सस्पेंडची, सोय नाहीच. झाकण मिटवलं तरी मशीन जागं राहतं; मे महिन्यात परभणीच्या ४३ अंशांत तसंच बॅगेत भरलंत तर भाजून निघेल. शटडाउन करूनच उचला.

आता मराठी वाचकाला सगळ्यात जास्त टोचेल ते. हायकूच्या स्वतःच्या अ‍ॅप्समध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. फॉन्ट टाकला तर अक्षरं दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे राहते, जोडाक्षरं पाय मोडलेल्या रूपात सुटी पडतात. 'परिस्थिती' हा शब्द वाचवत नाही. फाल्कन ब्राउझर, लिबरऑफिस यांच्यासारखी क्यूटी या तयार संचाच्या आधाराने चालणारी अ‍ॅप्स जुळणी आपली आपण करतात, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसते. त्यासाठी नोटो सान्स देवनागरी 'होम' मधल्या 'कॉन्फिग', 'नॉन-पॅकेज्ड', 'डेटा', 'फॉन्ट्स' या फोल्डरात ठेवा. फाइलींची नावं मात्र इंग्रजीतच ठेवलेली बरी. मराठी दस्तऐवज हेच मुख्य काम असेल तर आज हायकू तुमच्यासाठी नाही, स्पष्टच सांगायला हवं.

सेवा केंद्राच्या कामालाही नाही. बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, यांचे ड्रायव्हर इथे मिळत नाहीत. पॉलिटेक्निक किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑपरेटिंग सिस्टिम आतून बघायची असेल, सी++ शिकायची असेल, तर मात्र हिच्यासारखं साधन नाही: कर्नलपासून डेस्कटॉपपर्यंत सगळं एकाच हाताचं, वाचता येईल असं. फाइलींच्या गुणधर्मांवर शोध घेणारी बीएफएसची 'क्वेरी' एकदा वापरली की विंडोजचा शोध केविलवाणा वाटतो.

आणखी एक उपयोग. बंद पडलेल्या विंडोजच्या डिस्कवरून फाइली काढायला हायकू कामी येते, कारण एनटीएफएस वाचता येतं. मात्र मशीन आत्ताच चालू होतं तर विंडोज शिफ्ट धरून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर डिस्क अर्धवट झोपेत असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच बसवलेली स्वस्त साठवण, असेल, किंवा बायोसमध्ये डिस्क सांभाळणारं इंटेलचं आरएसटी चालू असेल, तर आतली डिस्क दिसणार नाही हेही धरून चला.

सुरुवातीला 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. 'ट्राय' केलं तरी पेन ड्राइव्हवर केलेले बदल टिकतात, कारण बीएफएस विभाजन लिहिता येण्याजोगं असतं. जागा मात्र थोडीच उरते, लिबरऑफिस मावणार नाही. रोज वापरायचं तर १६ जीबीच्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल करा. जुन्या बायोससाठी 'ड्राइव्हसेटअप'मध्ये इंटेल विभाजन नकाशा, एक बीएफएस विभाजन, ते अ‍ॅक्टिव्ह, आणि शेवटी इन्स्टॉलरच्या टूल्समधून बूट सेक्टर लिहा. यूईएफआयसाठी जीयूआयडी नकाशा हवा आणि सुरुवातीला एक छोटं फॅट३२ विभाजन. त्यात 'ईएफआय', त्याच्या आत 'बूट' असे फोल्डर करून मूळ पेन ड्राइव्हच्या 'हायकू ईएसपी' विभाजनातली लोडरची फाइल हाताने टाका. ती फाइल विसरली की सगळं बरोबर असूनही पेन ड्राइव्ह बूट मेन्यूत उगवत नाही. हा पेन ड्राइव्ह मात्र अस्सल घ्या. बाजारातल्या खोट्या ६४ जीबीच्या आत ८ जीबीच असतात. दीड जीबीची आयएसओ त्यावर व्यवस्थित चालते, आणि इन्स्टॉल केल्यावर जागा भरत गेली की फाइली बिघडू लागतात. लिनक्सवरच्या 'एफ३' ने आधी तपासता येतं.

प्रयोग संपल्यावर पेन ड्राइव्ह विंडोजला लावला तर तो काही एमबींचाच दिसतो आणि फॉरमॅट करूनही वाढत नाही. तो खराब झालेला नाही. 'डिस्कपार्ट' उघडा, 'लिस्ट डिस्क' मध्ये आकारावरून पेन ड्राइव्हचा क्रमांक ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' ने तो निवडा, 'क्लीन' द्या, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवं विभाजन करा. क्रमांक दोनदा वाचा. शून्य क्रमांकाची डिस्क बहुधा तुमची आतली असते.